किशोरवयीन मुले : पडद्याची आसक्ती व व्यायाम
५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. २०१९ मध्ये याच संघटनेने मोबाईल-संगणकावरील खेळांच्या अनिवार आसक्तीस आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसूनही तो न थांबणे, ही त्याची लक्षणे होत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. एकट्या मुलावर घातलेली बंदी त्यास शिक्षा वाटते. सारे घर पाळते तेव्हा ती शिस्त होते. परंतु रिकामा झालेला वेळ भरला नाही, तर मूल पुन्हा पडद्याकडेच वळते. म्हणून भांडगाव परिसरातील पालकांनी शाळा सुटल्यावरचा एक तास कबड्डी, खो-खो वा धावण्यासाठी राखावा आणि रात्री घरातील सर्वांचे मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावेत. तरीही झोप, आहार वा अभ्यास बिघडत राहिल्यास मुलास दोष न देता वैद्यकीय सल्ला घ्यावा.