ग्लायकॉल : रूप एक, गुण अनेक

ज्या अल्कोहोलच्या रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट असतात, त्यास ग्लायकॉल म्हणतात. इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून ते मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात; पॉलिएस्टरचा धागाही त्यापासून बनतो. डायइथिलीन ग्लायकॉल रेझिननिर्मितीत व द्रावक म्हणून उपयोगी पडते, तर ट्रायइथिलीन ग्लायकॉल नैसर्गिक वायूतील बाष्प शोषून घेते. शुद्ध प्रोपिलीन ग्लायकॉल मात्र औषधांत व प्रसाधनांत चालते.

ही सारी द्रव्ये रंगहीन व ग्लिसरीनसारखीच दिसणारी. घात होतो तो येथेच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यामागील हलगर्जीपणा व भ्रष्टाचार उघडकीस आणला. योग्य चाचणी वेळीच झाली असती, तर ते जीव वाचले असते.

केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे, हा कालाम सुत्तातील तथागतांचा उपदेश आपण वंदनेच्या सभागृहात ऐकतो. प्रयोगशाळेतही तोच पाळावयाचा आहे. बाटलीवरील नाव वाचणे ही विद्येची सुरुवात होय. बाटलीत काय आहे ते तपासणे, हे विद्येचे शील होय.