यंत्राला दिलेला हिसका

पिनबॉलमध्ये उतरत्या फळीवरून घरंगळणाऱ्या पोलादी गोळीची वाट बदलावी म्हणून खेळाडू संपूर्ण यंत्रालाच जो आखूड, नेमका धक्का देतो, त्याला 'नज' म्हणतात. मराठीत 'हिसका' हा शब्द त्याला जवळचा असला, तरी हिसक्यातला जोर या कृतीत अभिप्रेत नसतो, आणि नवख्या खेळाडूची पहिली चूक याच घोटाळ्यातून होते.

चारकोपसारख्या वस्तीत ही चूक होण्याआधी आणखी एक अडसर असतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून म्हाडाने येथे लहान लहान भूखंड पाडले, मधल्या मोकळ्या चौकाभोवती घरे उभी राहिली, आणि अशा चौकांत वाढलेल्या मुलाच्या हाताला लागणारा खेळ बहुधा कॅरमचा असतो, ज्यात स्ट्रायकर मारताना बोर्ड जरा हलला तरी चौघे एकदम ओरडतात. प्रस्तुत लेखकाची घडण याच शिस्तीत झाली असल्यामुळे पिनबॉलच्या यंत्राला हात लावणे त्याला कितीतरी काळ लबाडी वाटत राहिले, आणि ती लबाडी नव्हे हे कळल्यावर त्याने यंत्र इतके हलवले की आधीचा संकोचच बरा होता असे म्हणावे लागेल.

वास्तविक हिसका हा या खेळाचा फ्लिपरहूनही जुना भाग आहे. गोळी टोलवणाऱ्या विजेच्या फळ्या, म्हणजे फ्लिपर, 1947 साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात प्रथम आल्या. तोवर स्प्रिंगच्या दांड्याने गोळी सुटली की खेळाडूच्या हाती यंत्र ढकलण्यापलीकडे काही उरत नसे. हे ढकलणे मर्यादेत राहावे म्हणून हॅरी विल्यम्स यांनी 1930च्या दशकात 'टिल्ट'ची युक्ती काढली. तिच्या रूढ रूपात यंत्राच्या पोटात धातूच्या कड्यामधून एक लंबक लोंबकळतो. धक्का मोठा झाला की लंबक कड्याला टेकतो, विद्युत्मंडल पूर्ण होते, फ्लिपर निर्जीव होतात आणि ती गोळी गमावली जाते. कॅरममध्ये पंचाने किंवा भिडूने राखायची मर्यादा येथे यंत्र स्वतः राखते, म्हणून तिच्या आत राहून केलेला प्रत्येक धक्का न्याय्य ठरतो.

या लंबकाचा स्वभाव न ओळखणे हेच बहुतेक पराभवांचे कारण होय. धक्का संपला तरी लंबक झुलत राहतो, आणि त्याच लयीत दुसरा धक्का मिळाला तर, झोपाळ्याला पाठोपाठ झोका द्यावा तसा, त्याचा झोल वाढतो. त्यामुळे एकेकटे निरुपद्रवी असलेले दोन धक्के मिळून टिल्ट घडवतात. लेखकाने एका मॉलमधील खेळघरात तीन गोळ्या अशाच गमावल्या, आणि तिन्ही वेळा गोळी फ्लिपरांच्या मधून निसटून गेल्यावर, म्हणजे धक्क्याचा काहीच उपयोग उरला नसताना, तळहातांनी यंत्र हाणले. यंत्राचे वजन शंभर किलोहून अधिक असल्यामुळे मनगट पुढे बरेच दिवस दुखत राहिले, हा तोटा निराळा.

हिसक्याची वेळ गोळीच्या स्पर्शावरून ठरवावी. सुमारे 80 ग्रॅमची गोळी मोकळी घरंगळत असते तेव्हा धक्का तिला मिळत नाही, फक्त तिच्याखालची फळी सरकते. ती रबर लावलेल्या खुंटीला टेकते त्या क्षणी मात्र यंत्र तिच्या दिशेने ढकलले तर उसळी वाढते, मागे ओढले तर मरते. फळीचे हे सरकणेही उपयोगी पडते: गोळी मधोमध खाली येत असेल आणि ती डाव्या फ्लिपरवर घ्यायची असेल, तर ती फ्लिपरांच्या टोकांशी पोहोचता पोहोचता यंत्र किंचित उजवीकडे सारावे, म्हणजे डावे टोक तिच्याखाली येते. येथे काही मिलिमीटर पुरतात, आणि नवख्या खेळाडूला नेमका याच गोष्टीवर विश्वास बसत नाही.

ज्यांनी विंडोज एक्सपीवरील 'स्पेस कॅडेट' खेळून पिनबॉल ओळखला, त्यांना एक्स, पूर्णविराम आणि वरच्या बाणाच्या कळांनी टेबल हलवण्याची सोय ठाऊक असेल. वेळ साधण्याचा सराव तेथे होतो, पण कळीला वजन नसल्यामुळे जोराचा अंदाज येत नाही, आणि तिथली सवय खऱ्या यंत्रावर जशीच्या तशी नेऊ नये. खऱ्या यंत्रापुढे पाय थोडे फाकवून उभे राहावे, मनगटे सरळ ठेवावीत आणि धक्का खांद्यातून द्यावा. गेलेली गोळी यंत्र आपटून परत खेळात उडवण्याचे प्रकार स्पर्धांत निषिद्ध आहेत, आणि ते घरीही करू नयेत, कारण त्यांत यंत्र आणि हात दोन्ही दुखावतात.

टिल्ट झालाच, तर पुढची गोळी लगेच सोडू नये. लंबक अजून झुलत असतो, आणि दांड्यापाशी थांबलेली गोळी खेळाडूला हवा तितका वेळ देते.