पेपर कुठे पाठवायचा?

गिरगाव

चि. मनू,


पेपर परदेशी जर्नललाच पाठव, नाहीतर असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीत त्याला कोण विचारणार, असं गाइड म्हणाले ना? ते खोटं सांगत नाहीत. तरी तू ज्या केईएममध्ये रात्रपाळ्या करतेस, ते कसं उभं राहिलं हे आधी ऐक.

भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं. तिथल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. आपल्या डॉक्टरांना पदव्या असूनही प्राध्यापकी मिळणं कठीण. म्हणून शेठ गोरधनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी परळच्या कॉलेजला देणगी देताना अटच घातली: शिकवणारे सगळे लायक भारतीय हवेत, आणि सरकारी नोकरीतले नकोत. १९२६ साली त्या कॉलेजशी जोडलेलं केईएम इस्पितळ सुरू झालं, जीवराज मेहता पहिले डीन झाले. खुर्च्या आपल्याला मिळाल्या. आपल्या कामाची किंमत मात्र लंडनच ठरवत राहिलं.

सर्पगंधेचंच बघ. ती रक्तदाब उतरवते हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली इथल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. बाहेर कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९४९ साली आपल्या केईएमच्या रुस्तम वकिलांनी तिचे रुग्णांवरचे परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, तेव्हा जग जागं झालं. वकिलांचं काम पहिल्या दर्जाचंच, पण मधली १८ वर्षं मला फार सलतात. औषध होतं, कागदावर होतं, आणि बाहेरचे रुग्ण त्याविना राहिले.

बॉम्बे रक्तगटाचा पेपरही १९५२ साली लॅन्सेटमध्येच आला. लेखकांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटची माणसं होती. पण हे रक्त वेगळं आहे, ही शंका आली ती इथे, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना.

म्हणून लंडनला खुशाल पाठव. बढतीला ठरावीक सूच्यांतली जर्नलंच धरतात, तुला नोकरी हवी आहे, त्यात कमीपणा नाही. मात्र लालबागच्या चाळीतले टीबीचे रुग्ण औषध अर्ध्यावर का सोडतात, हा तुझा विषय संपादकाला रुचावा म्हणून बदलू नकोस. तो प्रश्न तुला ओपीडीत सापडला आहे, लंडनमध्ये बसून कुणाला तो सापडणार नाही. संदर्भ देताना आधी आपल्या लोकांचं जुनं काम शोध आणि नावानिशी नोंदव. आपणच ते वगळलं तर बाहेरच्यांना काय बोल लावायचा? तुझ्याच कॉलेजचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५पासून निघतंय, त्याचे जुने अंक लायब्ररीत बसून चाळ. पुढचा पेपर त्यांना दे. आणि निष्कर्ष हाती आले की ज्यांच्या मुलाखती घेतल्यास त्यांना मराठीत, समोर बसून सांग. त्याचे गुण कुणी देणार नाही, तरी सांग.

मसुदा पंधरवड्यात धाड. भाषा मी बघतो, आकडे गाइडना दाखव.

तुझा,
मामा