रंगाचा फवारा आणि आज्ञांचा क्रम
(इयत्ता सातवीसाठी नमुना पाठ)

पाठाचा हेतू : संगणकाच्या आज्ञेने रंग फवारणारे, घरी बांधता येण्याजोगे चित्रयंत्र कसे आवरले जाते हे विद्यार्थ्यांस समजावे. जागा, क्रम व वेळ ह्या तीन गोष्टी नेमक्या सांगितल्यावाचून आज्ञा पुरी होत नाही, ह्याची त्यांस प्रचीती यावी.

साहित्य : चौकटींची वही, पट्टी, रांगोळी, मोकळे अंगण. शाळेत यंत्र वा संगणक नसला तरी पाठ अडत नाही.

प्रस्तावना : ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेचे वीजघर होते. पुण्याकडील घाटमार्गाच्या विद्युतीकरणासाठी ते १९२९ च्या सुमारास उभे राहिले. आता ते बंद आहे. तेथील वीज मोठी मालगाडी घाट चढवून नेई; परंतु इंजिनात चालकाच्या हाती असे तो एक लहानसा दांडा. दांड्याने थोडी वीज हाले, आणि त्या थोड्या विजेने मोठ्या विजेच्या कळा उघडत व मिटत. ‘बळ एकीकडे, आज्ञा दुसरीकडे’ ही गोष्ट प्रश्नोत्तरांतून विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी. कारण चित्रयंत्रातही हेच घडते.

विषय-विवेचन : दाबलेल्या हवेने रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणाऱ्या लेखणीस एअरब्रश म्हणतात. ही लेखणी एका चौकटीवर बसवितात. एक मोटार तिला आडवी नेते, दुसरी उभी नेते आणि विजेची एक झडप रंग सोडते वा थांबविते. आज्ञा देण्यास आर्डुइनोसारखी छोटी पाटी पुरते. ती इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. पाटीची वीज मोटार फिरविण्यास अपुरी असते, म्हणून मध्ये वेगळे चालकमंडल जोडतात.

येथे गणित घालावे. स्टेपर मोटार एका फेऱ्यात सामान्यतः २०० पावले टाकते. तिच्या चाकास २० दाते आणि पट्ट्याच्या दोन दात्यांत २ मिलिमीटर अंतर असेल, तर एका फेऱ्यात लेखणी ४० मिलिमीटर सरकते. म्हणजे एका पावलात ०.२ मिलिमीटर. मग १० सेंटिमीटर रेषेस किती पावले? ५००.

वेळेचा हिशेबही असाच. झडप उघडण्यास ०.०५ सेकंद उशीर झाला आणि लेखणी सेकंदास १०० मिलिमीटर वेगाने जात असली, तर रेषा ५ मिलिमीटर पुढे सुरू होईल. म्हणून झडपेस आज्ञा तेवढी आधी द्यावी लागते. कोपऱ्यावर लेखणी मंदावते. तेथे रंग साचून डाग पडतो. लेखणी कागदापासून दुप्पट दूर नेली, तर ठिपक्याचा व्यास सुमारे दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. रंग तितकाच फिका पडतो. रांगोळी घालणाऱ्या मुलींना ह्यातील बरेच आधीच ठाऊक असते. हात रेंगाळला की रेघ जाड होते, उंच गेला की पसरते. हे त्यांच्याच तोंडून वदवावे.

उपयोजन : वारली चित्रातील माणसाचे धड म्हणजे टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण. अंगणात ४ चौकटी रुंद व ६ चौकटी उंच जाळी आखावी. एका विद्यार्थ्याने ‘यंत्र’ व्हावे. चित्र कोणते, हे त्यास सांगू नये. दुसऱ्याने केवळ अंकांनी आज्ञा द्याव्यात : (०,०) वर जा, रांगोळी सोड, (४,६), (०,६), (४,०), (०,०), रांगोळी थांबव. हात न उचलता धड पुरे होते.

आता तेच चार बिंदू (०,०), (४,०), (४,६), (०,६) ह्या क्रमाने सांगून पुन्हा (०,०) वर आणावे. माणसाऐवजी नुसता आयत उमटतो. बिंदू तेच, क्रम निराळा. ह्या ठिकाणी शिक्षकाने घाई करू नये. कारण विद्यार्थ्यांनीच शोधावे.

पुढील खेपेस ‘यंत्रास’ गुपचूप एक चौकट उजवीकडे उभे करून तेथूनच (०,०) मोजण्यास सांगावे. सारे चित्र सरकेल, परंतु एकही आज्ञा चुकलेली नसेल. साधे चित्रयंत्र केवळ पावले मोजते. पट्टा निसटला तरी ते चुकीच्या जागी निष्ठेने रंगवीत राहते. म्हणून कोपऱ्यात एक कळ बसवितात आणि काम सुरू करण्यापूर्वी लेखणीने तिला स्पर्श करून मूळस्थान निश्चित करावे लागते.

शिक्षकांसाठी सूचना : चित्र बिघडल्यास ‘यंत्र’ झालेल्या मुलास दोष देऊ नये. आज्ञा फळ्यावर लिहून कोठे फसली ते सर्वांनी मिळून पाहावे. चूक शोधणे ही शिक्षा नसून अभ्यास आहे, हे ज्या वर्गास पटले त्या वर्गातील भित्रे मूलही बोलू लागते. असे यंत्र बांधणे शहरातच शक्य आहे, असेही मानू नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला. २००२ मध्ये तेथे अमेरिकेतील एम. आय. टी. च्या साहाय्याने यंत्रनिर्मितीची प्रयोगशाळा उभी राहिली. खेड्यातील मुलाने यंत्राची केवळ कळ दाबावी, की त्यास आज्ञा लिहावी, ह्याचा निर्णय पुष्कळदा प्राथमिक शाळेतच होतो.

समारोप : हाताने चित्र काढणारा डोळ्यांनी पाहत जातो आणि वाटेतच चूक सुधारतो, ह्या यंत्रास ते जमत नाही. वर्गाकडे न पाहता पाठ पुढे नेणाऱ्या शिक्षकाची गत त्याहून निराळी नसते. अधूनमधून थांबून मूळस्थान तपासावे.

स्वाध्याय : (१) आपल्या नावातील पहिले अक्षर चौकटींच्या वहीत बसवून त्याच्या आज्ञा लिहा. (२) त्या शेजाऱ्यास देऊन, काही न बोलता, अक्षर काढवून घ्या. (३) अक्षर चुकल्यास कोणती आज्ञा अपुरी होती, ते एका वाक्यात लिहा.