खडकवासल्याहून एका दिवसाची मोटार-सहल

प्रश्न : वृद्ध आईसह एकाच रविवारी सिंहगड, पानशेत व पाबे घाट पाहता येईल ना? अंतरे तर थोडीच आहेत.
— एक वाचक, खडकवासला

उत्तर : अंतर अल्प म्हणून वेळही अल्प लागेल, हा समज स्वाभाविक असला, तरी रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, डोणज्यापुढे वाहनांची जी रांग लागते ती ध्यानी घेता, सिंहगडासाठी आडवारची सकाळ राखून ठेवणेच श्रेयस्कर. मातोश्रींची चिंता नसावी. मोटार थेट गडावरील वाहनतळापर्यंत जाते. मात्र दरडींच्या भयास्तव वनखाते कधीकधी रस्ता बंद ठेवते, तेव्हा आधी चौकशी करावी. रविवारी खानापूरहून पानशेत किंवा पाबे घाटाने वेल्हे, यांपैकी एकच निवडावे. वेल्ह्यास तोरण्याचे भव्य दर्शन पायथ्यावरूनच घडते. दाट धुक्यात घाट टाळावा, आणि जलाशयात उतरणे सर्वथा वर्ज्य समजावे.