अंतराळ पर्यटकाची पात्रता आणि अश्मरी

सुश्रुताचार्यांनी अश्मरीची गणना अष्टमहागदांत केली आहे. तिचे गांभीर्य अंतराळ पर्यटनातही प्रत्ययास येते. २००१ मध्ये डेनिस टिटो हे ६० व्या वर्षी स्वखर्चाने अंतराळ स्थानकावर गेले. वय आड आले नाही. मात्र २००६ मध्ये जपानचे दाइसुके एनोमोतो प्रशिक्षण घेऊनही वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरले. मूतखडा हे त्याचे कारण असल्याचे पुढे आले. भारहीन अवस्थेत अस्थींतील कॅल्शियम झिजून मूत्रात उतरते, त्यामुळे खड्याचा संभव वाढतो. आणि तेथे शस्त्रकर्माची सोय नाही.

परभणीच्या उन्हाळ्यात कारण निराळे, परिणाम तोच. घामावाटे उदकक्षय होऊन मूत्र दाट होते. म्हणून अमरनाथसारख्या दूरच्या यात्रेस निघालेल्या रुग्णास पूर्वी कटिशूल वा मूत्रदाह झाला होता काय, हे आपण अवश्य विचारावे. शंका आल्यास सोनोग्राफी करवावी. औषधी विक्रेत्या बंधूंनीही ध्यानी घ्यावे की, वरुणादि क्वाथाने वेदना शमली म्हणजे खडा पडलाच असे नव्हे. वेदनारहित अवरोधही वृक्क निकामी करू शकतो. ज्वर वा मूत्रावरोध असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.