प्रोबायोटिक गोळी हवीच का?

प्रश्न : लोकलच्या वेळांमुळे रात्री दहानंतर जेवण होतं. पोट फुगतं. आतड्यातले चांगले जंतू वाढवायला प्रोबायोटिक गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, हाटकेश, मीरा रोड

उत्तर : गोळ्यांची घाई नको. बाहेरून घेतलेले जंतू बहुधा आतड्यात कायमचे राहत नाहीत. तिथल्या जंतूंना रोज चोथा लागतो, आणि वडापाव-बिस्किटांत तो फारसा नसतो. संध्याकाळीच डब्यातली भाकरी-उसळ खाऊन घ्या, रात्री हलकं जेवा. दुपारी घरचं ताजं ताक उत्तम. मात्र उसळ एकदम वाढवलीत तर गॅस आणखी होईल. मोड आलेली मटकी मऊ शिजवून आधी दोनच चमचे घ्या. अँटिबायोटिक मनानं घेऊ नका, त्यानं चांगले जंतूही मरतात. वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. एरवी घाबरू नका, काही आठवड्यांत पोट रुळतं.